मेथीच्या रंगाची वायर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा परिसरातल्या जुन्या कारागिरांची माहिती येणार आहे म्हणे. तिसऱ्या मजल्यावरची स्नेहल येऊन सांगून गेली, "काकू, काकांच्या गॅरेजबद्दल चार ओळी लिहून द्या. जास्त नको, फोटोखाली बसल्या पाहिजेत."

मी चार ओळी लिहून दिल्या. मनवेलपाड्यात मोटारसायकलचं वायरिंग करायचे. बंद पडलेली जुनी गाडी त्यांच्याकडे आली की चालू होऊन जायची. स्वभावाने शांत होते. त्यांनी जोडलेली वायर कधी चुकली नाही. स्नेहलने वाचलं, "मस्त" म्हणाली आणि कागद घेऊन गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. चौथी ओळ राहून राहून आठवते. म्हणून बाकीचं इथे लिहून ठेवते आहे. हे अंकासाठी नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वसईजवळ उमेळ्याला आमची वाडी होती, केळी, पानवेल आणि भाजीपाला. पाट्या भरायला हात हवे होते, म्हणून शाळा सुटली. वाचायची सवय मात्र राहिली, भजी बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकवत नाही. बोलायचं मात्र मला जमत नाही. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. आई म्हणायची, "हिला तोंड दिलंय ते फक्त जेवायला." अशा बाईने पुढे वीस-पंचवीस पुरुषांच्या घोळक्यात बसून गाड्या दुरुस्त केल्या, हे माझं मलाच अजून खरं वाटत नाही. आता पाठ वाकली आहे. डाव्या हाताच्या बोटांना सोल्डरने भाजल्याचे डाग आहेत आणि कपाटात गुडघ्यावर भोकं पडलेल्या साड्या आहेत. बॅटरीतलं ॲसिडचं पाणी कापडावर पडलं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. साडी धुवायला घेतली की हातात चाळण येते.

लग्न होऊन मी मनवेलपाड्याच्या चाळीत आले तेव्हा विरार पूर्वेला इमारती उगवायला लागल्या होत्या. स्टेशनपासून लांब राहणारे लोक सेकंडहँड मोटारसायकली घ्यायचे. नवी परवडत नव्हती आणि चालून पाय मोडत होते. त्या गाड्या तीन-चार मालक फिरून आलेल्या असत. आमच्याकडे वाऱ्याला मीठ आहे. खाडी जवळ, मिठागरं जवळ. तांब्याच्या वायरीवर हिरवी पूड चढायची, नटांना गंज लागायचा. पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी राहायची आणि उंदीर वायरी कुरतडायचे. प्रत्येक मालकाने आपापल्या वायरमनकडून हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असायचा. हेडलाइट उघडला की आत शेवयांचा गुंता.

चाळीची पहिली खोली म्हणजे आमचं गॅरेज, मागची खोली म्हणजे घर. मध्ये पडदा. ह्यांना सगळे सदाभाऊ म्हणत. मी नाव घेत नाही, त्यामुळे इथे ‘हे’ असंच लिहीन.

ज्यांना ह्या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बंद गाडी आली की हे आधी गाडीला हात लावत नसत. मालकाला विचारायचे, "हळूहळू बंद पडली की एकदम?" हळूहळू असेल तर बहुतेक पेट्रोल, कचरा, इंजिन, म्हणजे ते काम मेकॅनिकचं. एकदम असेल तर आमचं. मग इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग काढायचा, त्याला टोपी लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी टच्चकन आली तर वायरिंग ठीक. पिवळी, मरगळलेली आली तर कुठेतरी गळती. काहीच आली नाही तर बसा शोधत.

त्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची एक गंमत होती. आपल्याला वाटतं, चावी फिरवली की करंट सुरू होतो, घरातल्या बटणासारखा. तसं नसतं. इंजिन फिरलं की त्यातला मॅग्नेट ठिणगीपुरता करंट स्वतःच तयार करतो. चावीचं काम फक्त त्याला बंद करायचं. चावी बंद केली की एक वायर गाडीच्या लोखंडाला जोडली जाते आणि सगळा करंट तिथेच जिरतो. आता हीच वायर वाटेत कुठे सोलली आणि लोखंडाला टेकली, तर चावी कशीही फिरवा, गाडी गप्प. म्हणून आमची पहिली परीक्षा ठरलेली. ती वायर सोडवायची आणि किक मारायची. ठिणगी आली तर गाडी चांगली आहे, तिला कोणीतरी दाबून धरलंय. मग तो कोणीतरी शोधायचा. कॉइल बदला, हे बदला, ते बदला, असं सांगणारे पुष्कळ होते. हे तसं करत नसत. त्याचा मला अभिमान आहे, तो मी चार ओळींत लिहायला हवा होता.

आता जे लिहिलं नाही ते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी ह्यांना बाजारातून टोमॅटो आणायला सांगितले. पिशवीत निम्मे कच्चे, हिरवेगार. मला वाटलं, बाजारहाटाचा कंटाळा. दुसऱ्यांदाही तसंच. मग एकदा पडद्याआडून बघितलं, तर हे हातात दोन वायरी घेऊन उन्हात धरून बघत होते. उलट्या करत होते, नखाने खरवडत होते. मला आत बघून म्हणाले, "जरा इकडे ये. ह्यातली लाल कुठली?"

मी दाखवली. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत.

"आणि ही?"

"हिरवी."

ह्यांनी दोन्ही वायरी डब्यात टाकल्या. मग म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

निळं, पिवळं, काळं, पांढरं ह्यांना नीट कळायचं. लाल, हिरवा आणि तपकिरी मात्र ह्यांना एकाच मातीचे दिसायचे. नालासोपाऱ्याला ज्या उस्तादाकडे शिकले, तिथे पाठांतरावर निभावलं. कुठली वायर कुठून निघते, कितवी येते, हे सगळं तोंडपाठ. नव्या गाडीत ते चालतं. चार मालकांनी तुकडे जोडलेल्या गाडीत नाही चालत. आणि जो वायरमन रंग ओळखत नाही, त्याच्याकडे कोण गाडी टाकेल? ज्याला चव कळत नाही अशा आचाऱ्याला लग्नाचं जेवण कोण देतं?

म्हणून मी पडद्याजवळ तांदूळ निवडत बसायला लागले. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर उघड विचारता येत नव्हतं. हे वायर जरा वर उचलायचे आणि म्हणायचे, "आज भाजी काय गं?" मी सांगायची. मेथी म्हणजे हिरवी. टोमॅटो म्हणजे लाल. चिकू म्हणजे तपकिरी. चिकू ही भाजी नाही हे आम्हा दोघांच्याही उशिरा लक्षात आलं, तोवर सवय झाली होती. हिरव्या वायरीवर पांढरी रेघ असेल तर ‘मेथी, लसूण घालून’. लालवर पिवळी रेघ असेल तर ‘टोमॅटोचं सार, हळद जास्त’. गिऱ्हाइकं हसायची. एक पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "सदाभाऊ, वहिनी तुम्हाला उपाशी ठेवतात की काय? येऊन जाऊन खाण्याचंच बोलता."

वाडीत वाढल्यामुळे माझी नजर हिरव्यावर पक्की होती. बाबा पानवेलीचं पान दाखवून विचारायचे, "हिला पाणी कमी झालं की जास्त?" दोन्हीचा पिवळेपणा वेगळा असतो. ते शिकलेलं इथे कामाला आलं. आणि रंग सांगता सांगता मला कामही कळायला लागलं. दुपारी शटर अर्धं ओढलं की हे मला बल्ब आणि दोन वायरी देऊन सांगायचे, "बघ, करंट कुठपर्यंत येतो नि कुठे हरवतो." पहिल्यांदा प्लगच्या वायरीचा टोला बसला तेव्हा मी किंचाळून डब्यावर जाऊन पडले. हे म्हणाले, "झाली भरती."

तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या आल्या. एकाने जुनी गाडी घेतली आणि हौसेने उघडून चकचकीत काळा रंग मारून घेतला. रंग दिला आणि गाडी मेली. घरच्यांनी नजर लागली म्हणून उतरवून टाकलं. बिघाड साधा होता. करंटला जायला जशी वाट लागते तशी परत यायलाही लागते, आणि ती वाट म्हणजे गाडीचं लोखंड. रंगाऱ्याने त्या लोखंडावर जाड थर दिला आणि परतीची वायर वरून आवळली. ह्यांनी ब्लेडने रुपयाएवढी जागा खरवडली, गाडी सुरू. मालक मात्र नाराज झाला, रंग गेला म्हणून.

एका गाडीचा हेडलाइट उघडला तर आत उंदराची गुलाबी पिल्लं, डोळेसुद्धा न उघडलेली. ह्यांनी काच हळूच परत बसवली आणि मालकाला सांगितलं, "पार्ट मिळत नाही. थोड्या दिवसांनी या." मालक रोज येऊन विचारायचा, "आला का पार्ट?" हे म्हणायचे, "वाढतोय."

आता काशीदादांची गाडी.

काशीदादा मिठागराच्या बाजूच्या गावातले. बायको जनाबाई आमच्या चाळीत मासळी विकायला यायची; दोघांनीही आमचं मेथी-टोमॅटो येता-जाता ऐकलेलं. डोक्यावर पाटी घेऊन फिरून तिची मान दुखायला लागली, म्हणून दादांनी एका एजंटकडून जुनी मोटारसायकल घेतली. सकाळी बंदरावरून मासळी, संध्याकाळी रिकाम्या पाट्या आणि जनाबाई मागे. घेतल्यावर आठवड्याभरात गाडी बंद पडली, तेव्हा दादांनी ती ढकलत आमच्याकडे आणली.

मी तेव्हा नव्हते. उमेळ्याला बाबा वारले होते आणि मी बाराव्यापर्यंत तिथेच थांबले. जाताना ह्यांना म्हणाले होते, "मी येईपर्यंत वायरिंगची गाडी घेऊ नका." हे हो म्हणाले. पण जनाबाई दारात येऊन बसली. "भाऊ, पाटी उचलवत नाय रं आता." ह्यांनी गाडी घेतली. हेडलाइटमध्ये तुटलेल्या वायरी जोडल्या आणि गाडी चालू करून दिली.

मी परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर गलका झाला. पडदा सरकवून बघते, तर दादा आणि त्यांचे दोन मेव्हणे गाडी ढकलत आणत होते. मागे जनाबाई, कोपराला पट्टी, गाल खरचटलेला. त्यांच्याबरोबर तो एजंटही होता, पांढऱ्या बुटातला.

"काय केलंस रं माझ्या गारीला?" दादा रस्त्यातूनच ओरडले. "काल अंधार पडला, लाइट लावला, दोन मिन्टात जळका वास न् गारी ठप! लाइट बी गेला. ही मागं बसलेली. समोर काय दिसतच नाय, गेलो खड्ड्यात. मागून टरक येत व्हता. थोडक्यात वाचलो आमी."

एजंट म्हणाला, "मी दिली तेव्हा गाडी एक नंबर होती. यांनी हात लावला आणि जळली. आता उघडा सगळ्यांसमोर."

चाळीतले लोक जमले, रस्त्यावरचे जमले. हे गाडीजवळ बसले. हेडलाइट काढला तसा जळलेल्या प्लॅस्टिकचा वास पडद्यापर्यंत आला. ह्यांनी वायरींचा जुडगा बाहेर ओढला. त्यातली एक बोटात धरून किंचित वर उचलली. मान खालीच होती.

"आज भाजी काय गं?"

"भाजी?" दादांचा आवाज चिरकला. "माझी बायको मरता मरता वाचली न् तुला भाजी सुचते?"

सगळे हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. इतक्या लोकांसमोर ‘मेथी’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ह्यांनी वायर तशीच धरून ठेवली होती. इतकी वर्षं जपलेलं आता उघडं पडणार, गॅरेज बंद होणार, एवढंच मला दिसत होतं.

मी कधी उठले ते आठवत नाही. पदर खोचून बाहेर आले आणि ह्यांच्या शेजारी खाली बसले. म्हणाले, "त्यांचा हात भाजलाय. मी बघते."

"आता बायका गाड्या उघडणार," एजंट म्हणाला. त्याच्याकडे बघितलं असतं तर मी परत आत पळाले असते. म्हणून फक्त गाडीकडे बघितलं.

टाकी काढून इंजिनजवळची ती बंद करणारी वायर सोडवली आणि दादांना म्हणाले, "किक मारा." आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकूच आला नाही. ह्यांनी मोठ्याने सांगितलं, "दादा, किक." निळी ठिणगी आली. म्हणजे इंजिन जिवंत होतं. मग टाकीखालची टेप उकलत गेले. आत वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. बंद करणारी वायर परतीच्या वायरीत मिसळून गेली होती, म्हणून गाडी गप्प झाली.

पण एवढं वितळलं का? फ्यूज कुठे होता? फ्यूज म्हणजे एक बारीक तार. करंट वाजवीपेक्षा जास्त झाला की ती आधी जळते आणि बाकीची गाडी वाचते, घरात सगळ्यांचा राग एकट्या सुनेवर निघावा तशी. मी फ्यूजची डबी उघडली. आत फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद वळून बसवलेला. तो काही जळत नाही. मग बाकीचं सगळं जळतं.

"हे कुणी घातलं?" दादांनी विचारलं आणि एजंटकडे बघितलं. एजंट आपले बूट बघायला लागला. "जुन्या मालकानं घातला असेल," म्हणाला. मेव्हणे त्याच्याकडे सरकले.

तिथेच सगळं मिटलं असतं. पण कागद नुसता बसून गाडी जळत नाही. कुठेतरी दोन नको त्या वायरी भेटाव्या लागतात. त्या माझ्या मांडीवरच होत्या. मागच्या लाइटची तपकिरी वायर परतीच्या हिरव्या वायरीला जोडली होती. दिवसा गाडी चालली, कारण लाइट बंद होता. अंधार पडला, लाइट लावला आणि बॅटरीचा सगळा करंट त्या जोडातून धावला. जोड फार सुबक होता. टेप घट्ट आणि शेवटी दोऱ्याची गाठ. अशी गाठ ह्यांच्याशिवाय कुणी मारत नसे.

मी तो जोड मुठीत धरला. दादा वरून वाकून बघत होते.

"ह्यो काय जोड? ह्याचीच टेप तेवढी नवी हाय."

"तो मी केला," मी म्हणाले. "माझ्याकडून चुकलं."

मग पायरीवर बसलेली जनाबाई बोलली. रागाने नाही, मासळीचा भाव सांगावा तशी सरळ. "खोटं नको बोलू, बाय. तू कुठं व्हतीस? मी दोनदा हाक मारली तुज्या दारात. शेजारीन बोलली, तिचा बाप गेला, ती उमेळ्याला."

माझी मान खाली गेली. मग शेजारून ह्यांचा आवाज आला.

"ती नव्हती. जोड माझाच आहे. मला तपकिरी आणि हिरवी एकच दिसते. लालसुद्धा. लहानपणापासून."

"म्हंजे दिसतच नाय?" दादांनी विचारलं.

"दिसते. वेगळी दिसत नाही."

"मंग इतकी वर्सं?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ती सांगते."

दादा उभे राहून विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली. "मंग ती मेथी?"

"हिरवी."

"न् टोमॅटो?"

"लाल."

जनाबाई दुखऱ्या कोपरासकट हसली. "अगो बाय! मी बोलते, ह्यांच्याकडं रोज मेथी, मंग माझी मासळी कवा खातान?"

एजंट मोठ्याने म्हणाला, "रंगाचा आंधळा, आणि वायरिंग करतो!" कुणीतरी हसलं. पण दादा हसले नाहीत. त्यांनी जनाबाईकडे बघितलं. जनाबाई म्हणाली, "आता हीच करंल गारी. हिनं केली तर मी मागं बसन. नायतर मी पाटी घेऊन चालत जाईन."

मी दुपारपर्यंत बसले. वितळलेल्या वायरी कापल्या, नव्या ओढल्या, खरा फ्यूज घातला. हे शेजारी बसून टेप कापून द्यायचे आणि प्रत्येक जोड आवळण्याआधी सगळ्यांसमोर विचारायचे, "ही कुठली?" मी सांगायची, "हिरवी." लाइट लावून, इंजिन चालू ठेवून, गाडी बराच वेळ उभी केली. जळका वास आला नाही. जनाबाई मागे बसली आणि जाताना मला म्हणाली, "बाप गेला न् लगीच कामाला बसवलं तुला. दमलीस."

तेवढं एकच वाक्य त्या दिवसभरात माझ्याबद्दल होतं. मी आत जाऊन रडले.

सगळे गेल्यावर हे जमिनीवरचे टेपचे तुकडे गोळा करत होते. म्हणाले, "तू खोटं का बोललीस?"

मी म्हणाले, "तुम्ही खरं का बोललात?"

"तिच्या कोपराकडे बघवेना," हे म्हणाले. "आणि तू तिथे मान खाली घालून बसली होतीस, तेही बघवेना."

इथे कुणाला वाटेल की त्यानंतर सगळं छान झालं. तसं झालं नाही. एजंटने नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत सांगितलं. मोठी पोरं जाता जाता ‘मेथी’ म्हणून ओरडायची. ठरलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आणि गॅरेजसमोरची जागा रिकामी राहिली. ह्यांनी आडून बोललेलं कधी अंगाला लावून घेतलं नाही, पण दुपारचं झोपणं बंद झालं. काशीदादा मात्र येत राहिले. नंतर त्यांच्या गावातले आले. ते सरळ विचारायचे, "वयनी हायत का? नायतर उद्या येतो." हे बाजूला होऊन मला स्टूल द्यायचे.

आणि मग मला विसावा राहिला नाही. सकाळी डबा, पाणी, धुणं आणि मग गाडी. आधी मी पडद्यामागे बसून नुसते रंग सांगायची, तेव्हा निदान तांदूळ निवडून व्हायचे. आता बाहेर, उन्हात, पुरुषांच्या घोळक्यात. कुणी नुसतं बघायलाच थांबायचं. कुणी माझ्या हाताऐवजी तोंडाकडे बघायचं. हे स्वयंपाक करायला लागले. भात चांगला करायचे, पण टोमॅटो कच्चेच आणायचे. मी तेच चिरून चटणी करायची. मला गाड्या आवडत होत्या का, असं कुणी विचारलं नाही आणि मलाही वेळ झाला नाही. ठिणगी निळी आली की बरं वाटायचं, इतकं मात्र खरं.

पुढे बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या. त्यांचं वायरिंग कंपनीच्या डब्यात बंद. बिघडलं की अख्खा डबा बदलायचा. आमच्या बल्ब आणि दोन वायरींना काम उरलं नाही. चाळ पाडून ही इमारत झाली. हे काही वर्षं खाली बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकायचे. एखादी अडखळली की म्हणायचे, "प्लगची टोपी." मग तेही थांबलं.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी सगळंच पिवळट दिसायचं, मेथी आणि चिकू एकमेकांजवळ आले होते. तेव्हा मी पहिल्यांदा वायर उन्हात धरून, उलटी करून, नखाने खरवडून बघितली. हे ज्या अंधारात आयुष्यभर बसले, त्याचं दार मला तेवढं किलकिलं दिसलं. तोवर ते विचारायला राहिले नव्हते.

चार ओळींत मी लिहिलं आहे, ‘त्यांनी जोडलेली वायर कधी चुकली नाही.’ एकदा चुकली. आणि ती चुकली हे त्यांनी भर रस्त्यात, हसणाऱ्या लोकांसमोर, धंदा जाणार हे माहीत असून सांगितलं. मी झाकायला गेले होते, त्यांनी मला झाकू दिलं नाही. न चुकणारे वायरमन विरारमध्ये खूप असतील. फोटोखाली त्या कुणाचं नको, जे ह्यांचं होतं ते हवं.

स्नेहलचा कागद अजून छापायला गेला नसेल. लिफ्ट कालपासून बंद आहे आणि तिसरा मजला म्हणजे माझ्या गुडघ्यांना फार. शिवाय जाऊन बोलावं लागेल. पण संध्याकाळी जाते. सांगते, पोरी, चौथी ओळ खोड आणि तिथे लिही, ह्यांना लाल-हिरवं कळत नव्हतं, आणि ते त्यांनी स्वतः सांगितलं.